आबांनी दिलेली बुलेट

"नलवडे मॅडम, ती बुलेट कुणी दिली?"

मी ऑफिसचा जिना चढत होते. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात डबा, फोन खांद्यात धरलेला, आणि हा असला प्रश्न. मला आधी वाटलं, राँग नंबर. पण आवाज देवधरांचा होता. देवधर म्हणजे लीगच्या पुण्याच्या ऑफिसातले. कुठल्या क्लबनं कुठल्या खेळाडूला काय दिलं, यावर नजर ठेवणं हेच त्यांचं काम. त्यांचा फोन आला की मी आधी करारांची फाईल उघडायचे.

"कुठली बुलेट?"

"तुमच्या इंद्रजित चौगुलेला मिळालेली. व्हिडिओ पाठवलाय, बघा आणि मला फोन करा. आज पाच वाजता खेळाडूंची नोंदणी बंद होतेय. लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं! त्या पाच वाजण्यासाठी मी महिनाभर धड जेवले नव्हते.

तेव्हा मी कोल्हापुरात करवीर स्पोर्टिंग या फुटबॉल क्लबचे करार सांभाळायचे. कुणाला किती पगार, कुणाला किती बोनस, कुणाचा करार कधी संपतो, सगळं माझ्याकडं. पगार लीगच्या आणि जाहिरातदारांच्या पैशातून व्हायचे, ते वाटणं सोपं असतं हो, डोकेदुखी होती ती सॅलरी कॅपची. पैसेवाल्या क्लबांनी सगळे चांगले खेळाडू गोळा करून बसू नये म्हणून लीगनं प्रत्येक क्लबला वर्षाची एक मर्यादा आखून दिली होती. खेळाडूंचे पगार, घरभाडी, मालकानं दिलेली भेटवस्तूसुद्धा, सगळं मिळून त्या आकड्याच्या आत बसायला हवं. आकडा ओलांडला, की पुढचा करार नोंदवून घेत नसत. आमचे मालक आबासाहेब सासने यांना हे कधीच पटलं नाही. "क्लब माझा, पैसे माझे, आणि टोपी ह्यांची?" असं ते प्रत्येक मीटिंगला म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

मी आबांना शंभरदा सांगितलं होतं, खेळाडूला चहा पाजायचा असला तरी आधी मला विचारा. "बरं बरं" म्हणायचे. आबांचं "बरं बरं" म्हणजे या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं.

खुर्चीवर बसून मी व्हिडिओ लावला. पेठेतल्या मंडळाचा स्टेज, मागं घराएवढा फ्लेक्स, त्यावर आबांचा फोटो इंद्याच्या फोटोच्या दुप्पट. इंद्या म्हणजे इंद्रजित, आमचा गोल मारणारा पोरगा, त्याच पेठेतला. गेल्या हंगामात लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचे, म्हणून सत्कार. आबा भगवा फेटा बांधून उभे. हार घातलेली काळी बुलेट स्टेजच्या खाली. आबांनी किल्ली वर धरली, माईकमध्ये ओरडले, "दिला शब्द पाळला! आपल्या इंद्याला माझ्यातर्फे बुलेट!" मग हलगी, शिट्ट्या, गुलाल. मागच्या रविवारची गोष्ट. मी त्या दिवशी मामेबहिणीच्या लग्नाला निपाणीत होते. तशी मी सांगलीची, राहायला पेठेपासून लांब, रुईकर कॉलनीत. पेठेतलं मला कोण सांगतंय?

कपाळावर हात मारून घेतला. आमच्या आकड्यात आता जागा उरली होती ती फक्त एका कराराची. बुलेट त्यात धरली, की तो करार बाहेर. आणि तो करार होता दस्तगीर जमादारचा.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "येऊ का मॅडम?"

दस्तगीरच होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. सही करायला आलेला.

"या, बसा," मी म्हणाले. लॅपटॉप मिटला.

दस्तगीर आमचा गोलकीपर. चौतिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप. साखर कारखान्यात खेळाडूंच्या जागेवर कायमची नोकरी होती त्याला. क्लब निघाला तेव्हा आबा स्वतः त्याच्या घरी गेले, चहा प्याले आणि म्हणाले, "दस्तगीर, तू आलास तर टीम." यानं नोकरी सोडली आणि आला. चार हंगाम गोलमध्ये उभा राहिला. शेवटच्या हंगामात आमच्याच मैदानावर त्याचा उजवा गुडघा गेला. खेळता येत होतं, पण ऑपरेशन टळणार नाही असं डॉक्टर म्हणत होते. या वर्षी राखीव गोलकीपर म्हणून नाव नोंदवायचं, लीगच्या विम्यातून गुडघा दुरुस्त करून घ्यायचा आणि पुढच्या वर्षापासून पोरांना शिकवायला घ्यायचं, असं मी आणि कोचनं मिळून ठरवलं होतं. विमा फक्त नोंदलेल्या खेळाडूंना. नाव नोंदलं नाही तर पगार नाही, विमा नाही, पुढची नोकरीही नाही. कारखान्याची तर केव्हाच गेलेली.

"काय झालं मॅडम? चेहरा का उतरलाय?"

खोटं बोलायला मला जमत नाही. सांगितलं सगळं. बुलेटचं नाव काढलं तशी त्याची नजर खिडकीकडं वळली.

"माझा पगार कमी करा की मग," तो म्हणाला. "निम्मा करा."

"तुमच्याएवढं खेळलेल्याला लीगचा ठरलेला किमान पगार आहे. आपण आधीच तेवढाच धरलाय. त्याच्याखाली जाता येत नाही."

"फुकट घ्या."

"तेही चालत नाही हो."

"आयला, फुकट खेळतो म्हटलं तरी चालत नाही?" तो हसला. मला हसू आलं नाही.

मी देवधरांना फोन लावला. इंद्याचा पगार बुलेटएवढा कमी केला तर? नाही, नोंदलेले करार डिसेंबरपर्यंत बदलता येत नाहीत. इंद्यानं गाडी परत केली तर? नाही, मिळालेली भेट ती मिळालेलीच. दुसऱ्या कुणाला सोडलं तर? त्याचा उरलेला पगार तरीही आकड्यात राहतो. मी एकेक दार ठोठावत होते आणि देवधर शांतपणे एकेक बंद करत होते. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्त राग येत होता.

"मॅडम, तुमच्या मालकांशी बोलायचंय मला," शेवटी ते म्हणाले. "व्हिडिओवर मी जात नाही. स्टेजवर लोक काहीही बोलतात. ते स्वतः मला काय सांगतात, ते मी लिहून घेणार. पाचच्या आत."

आबांना फोन केला, तर उचलेनात. शिरोलीला त्यांच्या फौंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात फोन केला, तर वॉचमन म्हणाला, साहेब बाहेर गेलेत. ड्रायव्हरला केला, तो म्हणतो, "बँकेत आहेत, बाहेर आले की सांगतो." बँकेत एवढा वेळ काय करतात हा माणूस! मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. डबा उघडलाच नाही. दस्तगीर खुर्चीत तसाच बसलेला, हात मांडीवर. मधे घरून त्याच्या बायकोचा फोन आला. "होतंय, होतंय, जरा वेळ लागायलाय," एवढंच बोलला आणि ठेवला. 

साडेतीनला आबा आले. दारातूनच, "काय लावलंय मॅडम? पंधरा फोन?" मग दस्तगीर दिसला. "अरे, तू बी हायस होय?"

"आलो होतो सहीला, आबा."

मी आबांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. आबा ऐकत होते तसे त्यांचे कान लाल होत गेले. मला वाटलं, आता भडकणार. पण भडकले नाहीत. फेटा नव्हता, तरी डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"मग आता?"

"आता देवधरांशी बोला. बघू काही वाट निघते का."

फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. आम्ही तिघं त्याच्याभोवती.

"नमस्कार साहेब," देवधर म्हणाले. "एकच प्रश्न आहे. गाडीचे पैसे कुणी दिले?"

"मी दिली गाडी."

"तुम्ही स्वतः, की कंपनीनं?"

"मी म्हणजे मी. सगळ्या पेठेसमोर दिलीय."

मी मधेच तोंड घातलं. "सर, कंपनीच्या खात्यातून गेले असतील तर काही फरक पडतो?"

"मालक, मालकाची कंपनी, मालकाची बायको, सगळं सारखंच मॅडम."

"आणि लोकांनी दिली असती तर?"

"लोकांनी वर्गणी काढून दिली असती, तर आमचा काही संबंधच नव्हता. प्रेक्षकांनी खेळाडूला हार घालावा नाहीतर हत्ती द्यावा. मंडळाचं दोन ओळींचं पत्र आणि मालकांनी तोंडी हो म्हटलं, की मी हा विषय इथंच मिटवतो. पण तसं आहे का?"

 खाली रस्त्यावर कुणाचा तरी हॉर्न वाजत राहिला होता.

मी आबांकडं वळले. "आबा, मंडळानं काही भर घातली होती का? थोडीफार?"

आबा ताठ झाले. "काय बोलताय मॅडम? सासन्यांनी जाहीर केलेलं लोकांच्या वर्गणीतनं भागवायची वेळ नाही आली अजून."

दस्तगीरनं मान वर करून आबांकडं बघितलं. बघतच राहिला. बिचारा आशेनं बघतोय, असं मला वाटलं.

मग मी जे केलं ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. आमचा आवाज देवधरांना जाऊ नये म्हणून फोन म्यूट केला आणि आबांच्या पुढ्यात वाकून म्हणाले, "आबा, मंडळानं दिली म्हणा. बंडा साळोखेंकडून मी आत्ता पत्र आणते. ते अध्यक्ष आहेत, तुमचा शब्द मोडणार नाहीत. तुम्ही नुसतं हो म्हणा."

"म्हणजे मला खोटं बोलायला लावताय?"

त्यांचा आवाज इतका चढला की मी मागं सरले.

"दस्तगीरसाठी, आबा. पोरी आहेत त्याला."

"दस्तगीर माझा बी हाय! पण सगळ्या गावाला दिली म्हणून सांगितलेली वस्तू आता मी दिली नाही म्हणू? कुणी दिली मग? उद्या पेठेत तोंड कुठं दाखवू?" आणि मग एकदम खालच्या आवाजात, "खोटं नाही बोलणार मी, मॅडम. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मला शरमेनं मेल्यासारखं झालं. बाई गं, म्हातारा माणूस, त्याला मी खोटी साक्ष द्यायला सांगत होते. एवढ्या अडचणीतही तो आपल्या बोलण्याला धरून राहिला, आणि मी शिकलेली बाई लबाडीवर उतरले. त्या क्षणी आबांबद्दल मला जेवढा आदर वाटला, तेवढा त्यांच्या कुठल्याच देणगीनं वाटला नव्हता.

"हॅलो? मॅडम?" फोनमधून देवधर. "मला लिहायचंय."

मी म्यूट काढला. आबा टेबलाकडं बघत होते. दस्तगीर आबांकडं बघत होता. घड्याळाकडं फक्त मी बघत होते. आबांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"साहेब?"

"मी दिली," आबा म्हणाले. "लिहा. मीच दिली."

"ठीक आहे. मॅडम, मग जमादारांचा करार मला घेता येणार नाही. सॉरी."

फोन बंद झाला. पाचाला अजून वेळ होता, पण त्या वेळेचं करायचं काय? मला रडू फुटलं. ऑफिसात कधी रडले नव्हते, त्या दिवशी रडले. दस्तगीरच उठला आणि मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

"असू दे मॅडम. तुम्ही काय कमी धडपडलाय का?" मग आबांकडं वळला. क्षणभर थांबला. "येतो, आबा."

आबांनी मान हलवली, वर बघितलं नाही. जिन्यावरून दस्तगीरची पावलं ऐकू येत होती, एक भारी, एक हलकं. गुडघ्यामुळं तो तसाच उतरायचा.

महिन्याभरानं पेठेतल्या मंडळानं त्याचा निरोपाचा सत्कार केला. या वेळी मी मुद्दाम गेले. तोच स्टेज, तसाच फ्लेक्स. दस्तगीरला शाल दिली, नारळ दिला. त्याच्या दोन्ही पोरी पुढच्या रांगेत नवीन फ्रॉक घालून बसलेल्या. शेवटी आबांनी माईक घेतला. बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले, खरंच पुसले, ते नाटक नव्हतं. आणि मग म्हणाले, "दस्तगीरच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा सगळा खर्च माझ्यातर्फे!" काय त्या टाळ्या! काय त्या शिट्ट्या! मीही उभी राहून टाळ्या वाजवल्या. घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, माणूस बघावा तर आबांसारखा.

पुढच्याच आठवड्यात बंडा साळोखे ऑफिसात आले. मंडळाचे अध्यक्ष, गंगावेशीत त्यांचं दुधाचं दुकान. इकडचं तिकडचं बोलले, चहा प्याले, आणि खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "मॅडम, दस्तगीरच्या ऑपरेशनला तुमचं किती लिहू?"

"कसलं? ते तर आबा देणार आहेत ना?"

बंडा माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी काल कोल्हापुरात आलेय.

"तुम्हाला माहीत नाही होय? मॅडम, आबांची फौंड्री बसून तीन वर्षं झाली. बँकेच्या दारात असतात रोज. पण स्टेजवर गेलं की माणसाला राहवत नाही. द्यायचं असतंय हो त्यांना, अगदी मनापासून. खिशात नसतंय. मग आम्ही भागवतो. त्यांनी पेठेसाठी मागं लई केलंय. त्यांचा शब्द पडू द्यायचा नाही, असं ठरलंय आमचं. बाहेर बोलायचं नाही."

मी हातातला कप खाली ठेवला.  मग विचारलं.

"आणि बुलेट?"

"बुलेटबी आमचीच की! आबा आधीच स्टेजवरून बोलून बसले होते, मग दोनशे घरं फिरलो. शोरूममध्ये पैसे भरले, तेव्हा आबा माझ्या शेजारी उभे होते. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या."

"दस्तगीरला हे माहीत होतं?"

"माहीत? पहिले पैसे त्यानंच काढून दिले. म्हणाला, इंद्या माझ्यासमोर लहानाचा मोठा झालाय, माझ्यापासनं सुरुवात करा."

मी काय बोलले, बंडा केव्हा गेले, मला आठवत नाही. एवढं आठवतं की अंगाची नुसती आग होत होती. खोटं बोलायला लावताय, म्हणाले होते मला! मी जे खोटं म्हणून सुचवलं, तेच खरं होतं. मला ते माहीत नव्हतं. त्या खोलीत माहीत होतं ते त्या दोघांना.

तशीच स्कूटर काढली आणि दस्तगीरच्या घरी गेले. तो दारात बसून धाकटीच्या बुटाची नाडी बांधत होता. मला बघून उठायला लागला, मी खांदा दाबून खाली बसवला.

"का नाही बोललात?" माझा आवाज चढला, गल्लीतल्या बायका बघायला लागल्या, मला पर्वा नव्हती. "एक वाक्य बोलायचं होतं. देवधर फोनवर होते. वर्गणी काढली, मीसुद्धा दिली, एवढंच. तुमची नोकरी, तुमचा गुडघा, सगळं वाचलं असतं. आबांच्या इज्जतीसाठी गप्प बसलात? एवढे मोठे देवमाणूस आहात का तुम्ही?"

दस्तगीरनं पोरीला आत पाठवलं. 

"देवमाणूस कसला, मॅडम," तो म्हणाला. "आबा बोलतील असं वाटत होतं मला."

"आणि नाही बोलले तेव्हा?"

"शेवटपर्यंत वाटत होतं. ते दोनदा बोलायला गेले, तुम्ही बघितलं नाही का? मला वाटलं, आता बोलतील." त्यानं मान खाली घातली. "मी बोललो असतो, तर ते माझ्यासाठी बोलले असते का नाही, ते मला कधी कळलंच नसतं."